हाउसफुलची पाटी

माझ्या सासऱ्यांनी हजारो वेळा सिनेमा बघितला आणि एकदाही सुरुवातीपासून बघितला नाही. ते थेटरात डोअरकीपर होते. सिनेमा सुरू झाला की उशिरा आलेली मंडळी अंधारात धडपडत यायची आणि त्यांना टॉर्च दाखवून जागेवर बसवण्यात पहिला अर्धा तास जायचा. त्यामुळे नायक गरीब कसा झाला, नायिका रुसली कशावरून, हे त्यांना कधीच कळलं नाही. शेवट मात्र सगळे तोंडपाठ. अजूनही टीव्हीवर जुना सिनेमा लागला की ते मला हळूच विचारतात, "सूनबाई, हा त्याचा भाऊ आहे हे आधी सांगितलेलं असतं का गं?"

सासूबाई त्याच थेटरात तिकीट खिडकीवर बसायच्या. लग्न तिथेच जमलं. माझा नवरा झाला तेव्हा त्यांनी नोकरी सोडली, पण खिडकी काही सोडली नाही. आता त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून घर चालवतात. मागच्या अंगणात काहीही झालं की खिडकीतून आधी हात येतो, मग आवाज येतो. "काय हवंय ते पटकन सांगा," म्हणतात. मागे रांग असल्यासारखं.

पुढे थेटर बंद पडलं. आता तिथे गाद्यांचं गोदाम आहे. सासरे एकदा ते बघून आले आणि म्हणाले, "लोक आधीही तिथे झोपायलाच यायचे." आम्ही हसलो, तेही हसले, पण त्या दिवशी ते धड जेवले नाहीत. थेटर मोडलं तेव्हा त्यांनी मालकाकडून आपला टॉर्च मागून घेतला, लाकडी खुर्च्यांच्या काही रांगा घेतल्या आणि तिकीट खिडकीवर लटकायची ती लाल पाटी घेतली. पाटीवर लिहिलेलं होतं, 'हाउसफुल'. शेवटची काही वर्षं ती पाटी बाहेर काढायची वेळच आली नव्हती, त्यामुळे रंग अगदी नव्यासारखा होता.

आणि मग ते घरी बसले. म्हणजे बसले कुठले! कुणी पाहुणा आला आणि बाथरूम कुठेय म्हणून विचारलं की हे दार उघडून धरायचे, टॉर्च खाली जमिनीवर रोखायचे आणि दबक्या आवाजात सांगायचे, "सरळ, मग डावीकडे. पायरी आहे, सांभाळून." भर दुपारी! टॉर्च नेहमी खाली. माणसाच्या तोंडावर उजेड मारणारा डोअरकीपर त्यांच्या मते डोअरकीपरच नव्हे. अंधारात कोण कुणाशेजारी बसलंय हे बघणं आपलं काम नाही, आपलं काम पायांपुरतं. हा त्यांचा धर्मच होता म्हणा ना. त्याच धर्मापायी पुढे सगळा घोटाळा झाला.

पाहुणे यायचे बंद झाले तेव्हा सासूबाईंनी हात टेकले आणि कोंबड्या आणल्या. "ह्यांना कुणाला तरी जागेवर बसवायला हवंय. बसवू देत."

सासऱ्यांनी कोंबड्यांचं खुराडं बांधलं ते थेट थेटरासारखं. आत खुर्च्यांचे दांडे ठोकून बसायच्या रांगा केल्या, खालची, मधली आणि छपराला टेकलेली बाल्कनी. भोवती बारीक जाळी मारली. मुंगसाने खालून उकरू नये म्हणून जाळीच्या कडेने विटा पुरल्या. दिवसभर कोंबड्या अंगणात मोकळ्या फिरायच्या, तर घार आली की लपायला हवं, म्हणून दोन रांगा खुर्च्या तशाच अंगणात मांडल्या. कोंबड्या त्यांच्याखाली लपत आणि वर घाण करत. बाहेरून आलेल्या माणसाला वाटायचं इथे काहीतरी कार्यक्रम आहे. घारीला बुजवायला त्यांनी सिनेमाच्या रिळाच्या पट्ट्या दोरीवर टांगल्या. वाऱ्यावर त्या चमकायच्या, सळसळायच्या. घार खरंच बुजली. फक्त एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती, की हलणारी चमकणारी पट्टी बघून घार पळते तसं मांजर धावत येतं.

मांजर शेजारच्या शिकवणीवाल्या बाईंचं. चांगला गलेलठ्ठ, तांबूस रंगाचा बोका. बाई त्याला 'बाळ' म्हणायच्या, त्यामुळे आम्हालाही म्हणावं लागायचं. भांडण करणं अवघड होऊन बसलं होतं. सासूबाई कुंपणावरून ओरडायच्या, "अहो, तुमच्या बाळाने आमचं पिल्लू पळवलं!" आणि बाई तिकडून अगदी शांतपणे सांगायच्या, "आमचं बाळ तसं नाही हो. त्याला उकडलेलं लागतं."

कोंबड्या आठ-दहा होत्या. त्यातल्या दोघींचीच ओळख करून देते. एक थोरली. वजनदार, एका डोळ्याने बघणारी, खालच्या रांगेत मधोमध बसणारी. तिच्या बाजूला कुणी सरकलं तर एक टोला ठरलेला. दुसरी इंटरव्हल. ती तांबूस, लहानखुरी, दिवसातून मध्येच कुठेतरी गायब व्हायची आणि खालच्या रांगेत कडेच्या जागेवर हळूच येऊन बसायची.

आणि कोंबडा. त्याचं नाव मॅनेजर.

सासऱ्यांनी त्याला नाव दिलं तेव्हा तो मुठीएवढा होता, पण चालायचा पोट पुढे काढून. मोठा झाला तसा सासऱ्यांचा आवाज आपोआप खाली आला. "साहेब, जरा बाजूला होता का, झाडायचंय." मी माझ्या कानांनी ऐकलंय. ज्या माणसाने मला लग्नानंतर वर्षभर 'अगं' म्हणून हाक मारली, तो कोंबड्याला अहो-जाहो करत होता.

पण एक सांगते, त्या कोंबड्याची भाषा सासऱ्यांइतकी कुणालाच कळत नव्हती. मॅनेजरला दाणा सापडला की तो चोचीत उचलायचा, खाली टाकायचा, पुन्हा उचलायचा आणि 'कुक्-कुक्-कुक्' करायचा. कोंबड्या धावत यायच्या. स्वतः खायचा नाही, त्यांना द्यायचा. मला वाटलं, वा, काय दानत! सासरे म्हणाले, "ट्रेलर आहे. नीट बघ." बघितलं, तर कधीकधी खाली नुसता खडा असायचा. कोंबड्या खडा बघून निघून जायच्या आणि हा एक पंख जमिनीला घासत त्यांच्याभोवती गिरक्या घेत बसायचा.

इशारे दोन. जमिनीवरून कुणी आलं, मांजर, कुत्रा, मुंगूस, तर 'कट्-कट्-कटाक्', मोठ्याने, थांबायचं नावच नाही. आणि आकाशातून घार आली तर एकच लांब, खालच्या आवाजातली घरघर. ती ऐकली की सगळ्या कोंबड्या खुर्च्यांखाली. सासरे आत पेपर वाचत असले तरी मान वर न करता सांगायचे, "कुत्रं आलंय," किंवा "घार." कधी चुकले नाहीत. एकदाच चुकले, ते येतंच आता.

मॅनेजरचं माझ्याशी वाकडं होतं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. सकाळी खांद्याला बॅग लावून अंगणातून फाटकाकडे निघाले की हा कुठूनतरी तिरका तिरका यायचा. बघायचा भलतीकडे. आपण काही केलं नाही, आपलं लक्षच नाही, असं दाखवत जवळ यायचा आणि मग दोन्ही पाय पुढे करून उडी. पायामागचा काटा पोटरीत! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"पळू नकोस," सासरे म्हणायचे. "तू पळालीस की त्याला वाटतं आपण जिंकलो. सरळ त्याच्या दिशेने चालत जा."

मी सरळ त्याच्या दिशेने चालत गेले. तोही सरळ माझ्या दिशेने चालत आला. त्यानंतर मी कचऱ्याच्या बादलीचं झाकण ढाल म्हणून वापरायला लागले. दुकानात कधीकधी झाकण तसंच हातात घेऊन पोचायचे.

"त्याचं चुकत नाही गं," सासरे समजावायचे. "तुझी ती बॅग. तपासल्याशिवाय कसा सोडेल?"

हे असंच चाललं असतं. पण एका सकाळी बाळ कुंपणावरून उतरलं, पट्ट्यांशी खेळलं आणि मग अंगणातल्या खुर्चीवर जाऊन चक्क बसलं. पाय पोटाखाली घेऊन, पिक्चर सुरू व्हायची वाट बघत असल्यासारखं. मॅनेजरने आकाशपाताळ एक केलं. 'कट्-कट्-कटाक्, कट्-कट्-कटाक्!' कोंबड्या पळाल्या. बाळाने कंटाळून मान वळवली, मॅनेजरकडे बघितलं आणि खुर्चीवरून एक पाय खाली टाकला. त्याबरोबर मॅनेजर ओरडत ओरडत उडाला तो पाण्याच्या टाकीवर. बाळ आरामात खाली उतरलं, खुर्च्यांखाली बसलेल्या कोंबड्यांवरून एक नजर फिरवली आणि घरी गेलं.

सासूबाईंनी हे सगळं खिडकीतून बघितलं. आणि अगदी त्याच वेळी मी फाटकाकडे निघाले होते, तर टाकीवरून उतरल्या उतरल्या त्याने सगळा राग माझ्या पोटरीवर काढला.

खिडकीतून हात आला. "बस्स. घरच्या माणसांना मारतो आणि मांजराला बघून शेपूट घालतो. असलं ध्यान पोसायचं कशाला? रविवारी दूधवाला घेऊन जाईल. मी विचारलंय त्याला."

दूधवाल्याकडे स्वतःच्या कोंबड्या होत्या. तो संध्याकाळी मॅनेजरला बघून गेला. "सांभाळू की नीट," म्हणाला. पण बघत होता मांड्यांकडे. त्याचा चेहरा सांभाळणाऱ्याचा नव्हता, खाणाऱ्याचा होता.

खरं सांगू का? मला आनंद झाला. पोटरी दाखवून मीच सासूबाईंना दुजोरा दिला होता. सासऱ्यांनी मात्र एवढंच विचारलं, "मग खुराड्याच्या दारावर कोण उभं राहणार?"

"तुम्ही आहात की," सासूबाई म्हणाल्या.

"मी एकटा?"

नवऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

शनिवारी संध्याकाळी सासरे खुराडं बंद करायला गेले. रोजचा कार्यक्रम ठरलेला. उजेड कमी झाला की कोंबड्या आपापल्या आत जातात, त्यांना सांगावं लागत नाही. सासरे दारात उभे राहतात आणि प्रत्येकीच्या वेळी दोन बोटं अशी हलवतात, तिकीट फाडल्यासारखी. शेवटी मॅनेजर आत जातो. मग सासरे टॉर्च खाली रोखून बघतात. ते कोंबड्या मोजत नाहीत. "पब्लिक मोजायचं नसतं," ते सांगतात, "पब्लिक हलतं. रिकाम्या जागा मोजायच्या." प्रत्येकीची जागा ठरलेली, त्यामुळे रांगेत कुठे फट दिसली नाही की सगळ्या आल्या. मग कडी, आणि कडीवर पाटी. 'हाउसफुल'.

त्या दिवशी मॅनेजर आत जाईना. दारापाशी उभा राहून ओरडत होता. 'कट्-कट्-कटाक्!' मी कपडे काढत होते दोरीवरचे, मला स्पष्ट ऐकू येत होतं. सासरे त्याच्यासमोर वाकले. डोळे पुसत होते की काय, मला पाठमोरे दिसत होते.

"कळतंय साहेब," ते म्हणाले. "तुम्हाला कळलंय ते मला कळतंय. पण माझ्या हातात काही नाही हो. चला. शो संपला."

'कट्-कट्-कटाक्, कट्-कट्-कटाक्!'

"नका ओरडू. मला त्रास होतोय."

आणि त्याला दोन्ही हातांनी उचलून त्यांनी आत ठेवलं. टॉर्च खाली रोखला. खालच्या रांगेत कडेपर्यंत सगळे गोळे जागच्या जागी बसलेले, कुठे फट नाही. तोंडावर उजेड मारायचा नाही, हा धर्म. कडी घातली, पाटी लावली आणि नाक ओढत घरात आले.

जेवायला बसलो आणि खुराड्यातून एकदम गलका झाला. फडफड, किंकाळ्या, काहीतरी आपटल्याचा आवाज. सासरे उठले.

"बसा," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही गेलात तर त्याला काखेत घालून घरात आणाल. कडी आहे, जाळी आहे. बाहेरून कोण येणार आहे आत?"

बाहेरून खरंच कुणी येणार नव्हतं. थोड्या वेळाने गलका थांबला. सासरे ताटावरून तसेच उठले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

रविवारी सकाळी दूधवाला किटलीबरोबर एक रिकामी पिशवी घेऊन फाटकात उभा राहिला. सासरे अंगणापर्यंत आले, हातात टॉर्च होताच, पण पुढे पाऊल टाकेनात. "सूनबाई, तू उघड," म्हणाले.

मी झाकण पुढे धरलं, पाटी काढली, कडी काढली, दार उघडलं.

आता जे दिसलं ते नीट सांगते, कारण ते फक्त मलाच दिसलं. कोंबड्या जवळजवळ सगळ्या मधल्या रांगेत एकमेकींना चिकटून बसलेल्या. खाली, पाण्याच्या भांड्यामागे, कोपऱ्यात जमेल तेवढा लहान होऊन बाळ बसलेलं. कान मागे पडलेले आणि कपाळावर चांगलं रुपयाएवढं टक्कल. त्याच्या समोर थोरली उभी. ती एका डोळ्याने त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या चोचीत तांबूस केसांचा झुपका होता. बाळाने नुसता श्वास घेतला तरी ती एक पाऊल पुढे टाकत होती. आणि मॅनेजर? मॅनेजर बाल्कनीत. छपराला अगदी चिकटून, मान खांद्यात घातलेली, डोळे मिटलेले. त्याची पाचावर धारण बसली होती, हे सांगायला चष्म्याची गरज नव्हती.

दार उघडलेलं दिसताच बाळ माझ्या दोन पायांमधून सुटलं. मी झाकणासकट मागे बसले. आणि बाळाची पाठ दिसली मात्र, मॅनेजरला कंठ फुटला. बाल्कनीतून त्याने झेप घेतली ती माझ्या डोक्यावरून, आणि पंख फुलवून, मान ताठ करून, 'कट्-कट्-कटाक्!' करत बाळाच्या मागे अंगणभर धावला. बाळ पुढे, मॅनेजर मागे. खुर्च्यांच्या रांगेला एक चक्कर, दूधवाल्याच्या किटलीला एक चक्कर, मग बाळ कुंपणावर आणि कुंपणावरून थेट शिकवणीवाल्या बाईंच्या कुशीत.

जगाला दिसलं ते एवढंच.

"बघितलं?" सासरे ओरडले. त्यांचा एवढा मोठा आवाज मी लग्नापासून ऐकला नव्हता. "बघितलं का? रात्रभर आत कोंडलेला होता बोका! आणि एक कोंबडी गेली नाही! साहेबांनी रात्रभर रोखून धरला!"

"माझं बाळ!" कुंपणापलीकडून आवाज आला. "बाळाला कोंडलंत तुम्ही! केस उपटलेत!"

"तुमचं बाळ आमच्या खुराड्यात काय करत होतं?" खिडकीतून हात.

"शक्यच नाही. बाळ घरी झोपलं होतं. मी काल स्वतः बघितलं, मागच्या व्हरांड्यात आपल्या बास्केटमध्ये गोळा होऊन पडलं होतं. मी त्याच्यावर पांघरूणसुद्धा घातलं."

असं म्हणून बाई ताडताड आत गेल्या आणि आतून किंकाळी आली. परत आल्या त्या एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात बाळाची बास्केट घेऊन. बास्केटमध्ये निळ्या पांघरुणातून मान बाहेर काढून इंटरव्हल बसली होती. तिला पांघरूण आवडलेलं दिसत होतं. उचलली तर खाली अंडं निघालं.

"तुमचं बाळ अंडं द्यायला लागलं वाटतं," सासूबाई म्हणाल्या. एवढ्या दिवसांचं तुंबलेलं बाहेर पडलं बिचाऱ्यांचं.

पण दूधवाला अजून पिशवी धरून उभा होता. सासूबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी मॅनेजरकडे बघितलं, तो खुर्चीवर चढून आरवत होता. मग माझ्याकडे बघितलं. "दार तू उघडलंस. तू सांग. खरंच ह्याने रोखलं का मांजराला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी पोटरी ठणकत होती. एक वाक्य बोलले असते की झालं असतं, सोमवारपासून मी माणसासारखी फाटकापर्यंत चालत गेले असते. हातात झाकण न घेता. मी तोंड उघडलंसुद्धा.

मग मला सासरे दिसले. लख्ख उजेडात त्यांनी टॉर्च लावला होता आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. टॉर्च खाली जमिनीवर रोखलेला, माझ्या पायांपाशी, मला वाट दाखवत असल्यासारखा.

"एकटाच पुढे उभा होता," मी म्हणाले. "बाकी सगळ्या मागे."

"मग राहू दे," सासूबाई म्हणाल्या आणि दूधवाल्याला खिडकीतून हात केला. "आज फक्त दूध."

दिवसभर सासरे येईल त्याला गोष्ट सांगत होते. शिकवणीच्या पोरांना सांगितली, पाणीवाल्याला सांगितली. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, सुरुवातीपासून सांगत होते. दर खेपेला बाळ थोडं मोठं होत गेलं. दुपारपर्यंत ते बिबट्याच्या जवळपास पोचलं होतं.

मी थोरलीला गुपचूप मूठभर जास्त दाणे टाकले. तिने एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं आणि मला एक टोला दिला.

संध्याकाळी खुराडं बंद करताना सासऱ्यांनी मला बोलावलं. एकेक कोंबडी आत गेली, दोन बोटांनी तिकिटं फाटली. मॅनेजर मुकाट्याने आत गेला. या वेळी सासऱ्यांनी टॉर्च वर केला. एकेकीच्या तोंडावर उजेड टाकत, प्रत्येकीला "माफ करा हां" म्हणत, त्यांनी अख्खं थेटर तपासलं. थोरलीपाशी उजेड थांबला. तिच्या नखात अजून तांबूस केस अडकलेला होता.

"साहेब बाल्कनीत होते ना?" ते हळूच म्हणाले.

मी थोरलीकडे बघत राहिले.

"मला सकाळीच कळलं. त्याच्या पायाला एक केस नव्हता." त्यांनी कडी घातली. "थेटरात रीळ तुटलं की पब्लिक पेटायचं. खुर्च्या उडायच्या. मी काय करायचो माहितीये? दारात उभा राहून बोंब मारायचो, घंटा बडवायचो, आणि मग वर मशीनच्या खोलीत जाऊन आतून कडी लावून घ्यायचो."

"मग भांडण कोण मिटवायचं?"

त्यांनी नुसता हात केला. स्वयंपाकघराच्या खिडकीत सासूबाई भांडी विसळत होत्या, एक डोळा आमच्यावर ठेवून.

"छत्री घेऊन यायची ती," सासरे म्हणाले. "पण सूनबाई, घंटा ऐकल्याशिवाय नाही आली कधी. दारावरच्याचं काम ओरडायचं. पुढचं काम ज्याचं त्याचं." मग त्यांनी पाटी हातात घेतली. "काल तो ओरडला होता गं. जमिनीवरून आलंय, आत आहे, हेच सांगत होता. अगदी स्पष्ट. आणि मी त्याला म्हटलं, नका ओरडू." त्यांनी पाटीवरची धूळ बाहीने पुसली. "मी! दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर ठीक होतं."

मी पाटी त्यांच्या हातातून घेतली आणि कडीवर अडकवली. सरळ लागली की नाही ते त्यांनी दोनदा बघितलं.

सोमवारी सकाळी मी बॅग आणि झाकण घेऊन निघाले. मॅनेजर तिरका तिरका येतच होता, भलतीकडे बघत. मी ढाल सरसावली. आणि तो मध्येच थांबला. मान कलती करून एक डोळा आकाशाकडे लावला आणि त्याच्या गळ्यातून ती लांब, खालच्या आवाजातली घरघर आली.

कोंबड्या खुर्च्यांखाली पळाल्या. त्यांच्याबरोबर मीसुद्धा. का ते विचारू नका. पाय आपोआप वळले आणि मी बॅगेसकट, झाकण डोक्यावर धरून, थोरली आणि इंटरव्हलच्या मधोमध उकिडवी बसले. घारीची सावली अंगणावरून सरकत गेली.

उघड्यावर एकटा मॅनेजर उरला होता. त्याला लपायला जागा नव्हती असं नाही, खुर्ची त्याच्यापासून हातभरही दूर नव्हती. मला खालून त्याचे फक्त पाय दिसत होते. ते चांगले लटलटत होते. पण घार पार निघून जाईपर्यंत ते जागचे हलले नाहीत आणि वरची घरघर थांबली नाही.

मग सगळं शांत झालं. मी बाहेर आले, गुडघे झटकले आणि त्याला म्हणाले, "थँक यू, साहेब."

त्याने लगेच माझ्या पोटरीवर उडी मारली.

"उशीर होतोय तुला," खिडकीतून सासूबाई म्हणाल्या. "आणि झाकण इथेच ठेवून जा."